थकबाकीचे गाव

सरकारी कचेरीत ज्याने दहा-बारा वर्षे काढली आहेत त्याला 'थकबाकी' या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. आमच्या टेबलावर दुसऱ्यांच्या थकबाकीची बिले येतात. बढती तीन वर्षांमागे झालेली, पगारनिश्चिती गेल्या वर्षी झालेली आणि फरकाची रक्कम अद्याप 'विचाराधीन' असलेली, अशी माणसे आमच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसतात, चहा घेतात, बोलता बोलता मुलीच्या लग्नाची तारीख सहज सांगतात आणि उठून जातात. त्यांचा राग आमच्यावर नसतो. किंबहुना तो कोणावरच नसतो. फाइल असते, तारखा असतात, सह्या असतात; पैसे तेवढे नसतात.

पोलंड देशाच्या पूर्व टोकाला एक आख्खे गाव पगाराच्या थकबाकीपोटी दिले गेले, ही हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा आम्हांस जो आनंद झाला तो निव्वळ व्यवसायबंधुत्वाचा होता, हे कबूल केले पाहिजे. गावाचे नाव क्रुशिन्यानी. साल १६७९. देणारा पोलंडचा राजा तिसरा यान सोब्येस्की, आणि घेणारे त्याच्या फौजेतले मुसलमान तातार घोडेस्वार. इतकी जुनी थकबाकी आणि तिचा इतका ठसठशीत निकाल आमच्या अवलोकनात दुसरा नाही.

पोलंडची आम्हांला गोडी लागली ती आजोळामुळे. आमचे आजोळ कोल्हापूरच्या पूर्वेस, वळिवड्याच्या शेजारी. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यास सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बायका, मुले आणि म्हातारे यांचाच भरणा. रशियनांनी १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडातून उचलून सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकलेली ही माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात पोचली होती. आजी त्या वेळी परकरी पोर होती. डोक्यास रुमाल बांधलेल्या गोऱ्या बायका बाजारात कोबीचा गड्डा उचलून 'कापुस्ता, कापुस्ता' म्हणत, एवढे तिने सांगितलेले आमच्या लक्षात आहे. आजी अखेरपर्यंत कोबीला थट्टेने कापुस्ताच म्हणत असे. पुढे नोकरीनिमित्त आधी शिलाँग आणि मग कोलकाता येथे आमची रवानगी झाली. दोन्ही ठिकाणी रविवारची दुपार घालवण्यास ग्रंथालयाइतकी स्वस्त जागा दुसरी नव्हती. तेथे पूर्व पोलंडाविषयी जे सापडेल ते वाचता वाचता आम्ही या गावापाशी येऊन थांबलो. गाव आम्ही पाहिलेले नाही. पाहण्याचा योग आमच्या पगारश्रेणीत बसत नाही.

नकाशावर ते असे सापडते. वॉर्सा शहरापासून ईशान्येस दोनशेच्या आसपास किलोमीटर गेले की बियालिस्टोक लागते. तेथून पूर्वेस आणखी पन्नासएक किलोमीटर. वाटेत क्निशिनचे अरण्य आहे. पाईन आणि स्प्रूस यांची सरळसोट झाडे, खाली शेवाळ आणि वाळू. अरण्य संपता संपता जमीन हलक्या लाटांसारखी खालीवर होऊ लागते. हे उंचवटे हिमयुगातल्या बर्फाने मागे टाकलेल्या वाळूचे, खडीचे आणि गोट्यांचे. कृष्णाकाठच्या काळ्या रानाची सवय झालेल्या डोळ्यांना ही जमीन कोणी इनाम म्हणून द्यावी आणि कोणी ती घ्यावी याचेच नवल वाटेल. राय आणि बटाटे पिकतात, गुरांना चारा होतो. थंडीत महिनोन्‌महिने बर्फ. गाव रस्त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेले, लाकडी घरांचे, लिंडेनच्या झाडांचे. वस्ती सुमारे दीडशे. पलीकडे काही किलोमीटरवर बेलारूसची सरहद्द आहे; त्या मुलखात काही अंतर स्विस्लोच नदीच सरहद्दीचे काम करते आणि पुढे जाऊन नेमान नदीस मिळते.

ज्या काळाची ही गोष्ट त्या काळी ही सरहद्द नव्हती. क्रुशिन्यानी ही ग्रोद्नोच्या खास शाही जमिनींपैकी, आपल्या भाषेत खालसातली, वाडी होती. आज वाडी पोलंडात आहे आणि ग्रोद्नो बेलारूसमध्ये. जिल्ह्याचे ठाणे परदेशात गेले, असे गाव आपल्याकडे फाळणीच्या रेषेवर शोधले तर सापडेल.

आता हे तातार तेथे आले कसे? चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिथुआनियाचा महाराजा व्हितौतास याने व्होल्गा आणि क्रिमियाकडच्या तातारांना आपल्या राज्यात आणून वसवले. कोणी कैद होऊन आले, कोणी आपल्या खानाशी बिनसल्यामुळे आश्रयास आले. त्यांच्याकडून अपेक्षा एकच, बोलावणे येताच घोडा, भाला आणि तलवार घेऊन हजर होण्याची. १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत ट्यूटन सरदारांविरुद्ध ते लढले. त्यांना 'लिप्का' म्हणत. ते लिथुआनियाचेच तातारी नाव. धर्म त्यांचा त्यांच्यापाशी राहिला, मशिदी बांधता आल्या, जमिनी मिळाल्या. दरबारी राजकारणात मात्र त्यांना जागा नव्हती. सेवेपुरते आपले आणि सभेपुरते परके, अशी ती व्यवस्था होती; आणि ती अडीचशे वर्षे बरी चालली.

सतराव्या शतकात ती विसकटली. लिथुआनिया आणि पोलंड यांचे राज्य एकत्र होते, युद्धे लागोपाठ होत होती आणि खजिना रिकामा होता. तातार पथकांचा पगार वर्षानुवर्षे तुंबला. त्याच वेळी त्यांच्या जुन्या सवलतींवर गदा आली. नवी मशीद बांधणे कठीण झाले. १६७२ साली तुर्कांचा सुलतान मोठ्या फौजेनिशी चालून आला तेव्हा लिप्का पथकांपैकी कित्येक सरळ उठून त्याच्या बाजूस गेली. पोलिश कादंबरीकार सिएन्किएविच याच्या 'पान वोवोदियोव्स्की' या कादंबरीमुळे हा प्रसंग पोलिश घरांत पाठ झाला आहे, आणि तीत या बंडाचा नायक खलपुरुष म्हणून रंगवला आहे. कादंबरीकाराला खलपुरुष लागतो, त्याला कोण काय करणार. परंतु हिशेबाच्या टेबलावर बसून पाहिले म्हणजे हे प्रकरण वेगळे दिसते. चाकरी झाली, हजेरीपट भरला, घोडे मेले, आणि पगार नाही; त्यावर आणखी देवळाच्या दुरुस्तीसही परवानगी नाही. आम्ही फितुरीचे समर्थन करीत नाही. एवढेच म्हणतो की या बंडाचा पहिला कागद एखाद्या खतावणीत शोधला पाहिजे.

फितूर झालेल्यांचा तिकडेही जीव रमला नाही. तुर्कांची शिस्त त्यांना मानवली नाही असे इतिहासकार म्हणतात. धर्म एक असून राहणी, पोशाख, बोलणे सारे निराळे झाले होते. १६७६ साली झुराव्नो येथे तुर्कांशी तह झाला आणि तातार परत येऊ लागले. सोब्येस्कीने त्यांना शिक्षा केली नाही. तो स्वतः सेनापतीचा राजा झालेला. घोडेस्वार काय किमतीला पडतो हे त्यास ठाऊक होते. रोख द्यायला नव्हतेच, तेव्हा त्याने खालसातली जमीन काढून दिली. १६७९ च्या सनदेने कर्नल सामुएल मुर्झा क्शेचोव्स्की आणि त्याचे स्वार यांस क्रुशिन्यानी मिळाले. त्याच साली त्याच कारणाने इतर पथकांना बोहोनिकी आणि आणखी काही वाड्या मिळाल्या.

येथे मराठी वाचकास एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. सोब्येस्कीची राजा म्हणून निवड झाली मे १६७४ मध्ये, आणि रायगडावर राज्याभिषेक झाला जून १६७४ मध्ये. शिवाजी महाराजांचा कटाक्ष असा की चाकरास रोख पगार द्यावा, पगारापोटी गावे तोडून देऊ नयेत. जमीन मिळालेला माणूस तिचाच होतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या पश्चात रिकाम्या खजिन्याने मराठ्यांनाही सरंजामाच्या वाटेस लावले, आणि त्याची फळे आपण जाणतो. क्रुशिन्यानीचे तातारही जमिनीचेच झाले. फरक एवढाच की त्यांच्या वाट्याला जी जमीन आली ती इतकी नापीक होती की तिच्यावरून कोणी राजकारण करण्याजोगे नव्हते. ते तेथे निमूटपणे राहिले आणि बोलावणे आले की लढायला जात राहिले.

त्यांतले एक बोलावणे चारच वर्षांत आले. १६८३ च्या सप्टेंबरात सोब्येस्कीने व्हिएन्नाचा वेढा उठवला. त्या लढाईत राजाकडच्या तातारांनी शत्रूकडच्या तातारांपासून वेगळे ओळखू यावे म्हणून डोक्याच्या शिरस्त्राणात गवताची काडी खोवली होती असे सांगतात. चेहरे तेच, देव तोच, घोडेही जवळजवळ तेच. मधे एक काडी. पुढच्या महिन्यात पार्कानी येथे राजा पेचात सापडला तेव्हा क्शेचोव्स्कीने त्याचा जीव वाचवला, ही कथा क्रुशिन्यानीत आजही सांगतात. १६८८ साली ग्रोद्नोच्या राजसभेस जाताना राजा वाट वाकडी करून या गावी उतरला आणि कर्नलाच्या घरासमोरच्या लिंडेनच्या झाडाखाली बसला, अशीही आठवण आहे. थकबाकी चुकवलेल्या कारकुनाच्या घरी अधिकाऱ्याने स्वतः जाऊन चौकशी करावी, असा प्रकार असल्यामुळे आम्हांस ही कथा खरी असावीशी वाटते.

गावची मशीद आज उभी आहे ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, आणि पोलंडात शिल्लक असलेल्या तातार मशिदींत सर्वांत जुनी. तिची चित्रे आम्ही पुष्कळ पाहिली. प्रथमदर्शनी कोणीही तिला खेड्यातले चर्च म्हणेल. हिरव्या रंगाच्या फळ्या, दर्शनी बाजूस दोन बुटके चौकोनी मनोरे, उतरते छप्पर. मनोऱ्यांच्या टोकांवर चंद्रकोर आहे म्हणून ओळख पटते. आसपासच्या सुतारांस प्रार्थनेची इमारत म्हणून जी ठाऊक होती ती त्यांनी बांधून दिली, असे मानतात. आत मक्केच्या दिशेचा कोनाडा आहे, प्रवचनाचा जिना आहे, गालिचे आहेत, भिंतींवर चौकटींत बसवलेली अरबी अक्षरे आहेत. बायकांची खोली वेगळी, तिचे दारही वेगळे. मधल्या भिंतीत एक आडवी फट ठेवून तिच्यावर पातळ पडदा सोडला आहे. पलीकडचा आवाज यावा एवढाच तिचा उपयोग.

आता भाषेविषयी. ही गोष्ट लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो ते खरे म्हणजे तिच्यामुळेच. क्रुशिन्यानीची सनद झाली तेव्हा हे तातार तातारी बोलत नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती भाषा बहुतेक लोपली होती. वेगवेगळ्या टोळ्यांतून आलेले, संख्येने थोडे, बायका अनेकदा इकडच्याच. मुले आईची भाषा बोलणार हे ओघानेच आले. घरात बेलारूशी आणि पोलिश आली, आडनावांना 'स्की' आणि 'विच' ही शेपटे लागली. मागे राहिली ती फक्त लिपी. अरबी कुराणाची म्हणून ती मुलांना शिकवली जाई. मग या लोकांनी एक विलक्षण गोष्ट केली. बेलारूशी आणि पोलिश भाषेतला मजकूर ते अरबी लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहू लागले. अशा हस्तलिखितांना 'किताब' म्हणतात. त्यांत पैगंबरांच्या कथा आहेत, आचारधर्म आहे, नमाजाचे विधी आहेत. कुराणाच्या अरबी ओळींखाली तिरप्या अक्षरांत पोलिश अर्थ लिहिलेल्या पोथ्याही आहेत. स्लाव्ह भाषांतले काही उच्चार अरबी लिपीत नाहीत; त्यांच्यासाठी लेखकांनी जुन्या अक्षरांना ठिपके देऊन नवी अक्षरे घडवली. नकलणारा कोणी इमाम, कोणी शेतकरी, कोणी निवृत्त शिपाई. आपल्याकडे गोव्यात याच्या उलट चाल झाली. १६१६ साली फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले ते मराठी भाषेत पण रोमन लिपीत.

आमच्या घरी सध्या फादर स्टीफन्सचा कित्ता चालू आहे. आमची मुलगी आठ वर्षांची आहे. तिचा जन्म शिलाँगचा, शाळा कोलकात्याची. मराठी तिला समजते. आईशी ती मराठीत बोलते, आमच्याशी अर्धी मराठीत, आणि भांडताना बंगालीत. गावी आजीला मोबाईलवर निरोप धाडते तो मराठीत असतो, पण रोमन अक्षरांत. सातारकडच्या आमच्या मातोश्रींना रोमन अक्षरे लावीत लावीत तो वाचावा लागतो. देवनागरी तिला हिंदीपुरती येते आणि म्हणून 'ळ' येत नाही. 'बाळ' चे 'बाल' होते, 'केळे' चे 'केले' होते. केळे खाल्ले की केले, हे आजीने संदर्भावरून ओळखावयाचे. आम्ही एकदा पाटीवर तिला 'ळ' काढून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, हे अक्षर कोण वापरतं?" आम्ही म्हटले, "आपण." तिने पुन्हा विचारले, "आपण म्हणजे इथे कोण कोण?" कचेरीतले दोघे, मंडळाच्या गणपतीला भेटणारी वीस-पंचवीस कुटुंबे, अशी आम्ही मोजदाद करू लागलो आणि मग थांबलो. तिला बदलीच्या गावी वाढवायचे आम्ही ठरवले होते, 'ळ' चे काही ठरवले नव्हते.

परमुलखी असलेल्या आपल्या लोकांत या प्रश्नावर बोलणे निघाले म्हणजे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भाषा गेली की सारे गेले. दुसरा म्हणतो, भाषा जाऊ द्या, सणवार टिकवा. क्रुशिन्यानी पहिल्या पक्षाला खोटे पाडते, यात शंका नाही. भाषा जाऊन चारशे वर्षे लोटली तरी तातार हे तातार राहिले. पण दुसऱ्याने फार हुरळून जाऊ नये. त्यांना धर्म वेगळा होता, गावालगत स्वतःचे दफनस्थान होते आणि पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहण्याची सनद होती. आपल्याला चार वर्षांनी बदली असते. मोदक सर्वत्र उकडता येतात हे खरे. तातारांचाही एक पदार्थ टिकला आहे, 'पेरेकाचेव्हनिक'. कागदासारख्या पातळ पोळ्या लोणी लावून एकावर एक रचायच्या, आत मांस किंवा चीज घालून गुंडाळायच्या आणि गोगलगायीच्या शंखासारखे वेटोळे करून भाजायचे. २००९ साली युरोपीय संघाने या पदार्थास पारंपरिक म्हणून नोंदणीही दिली. पण तो करणारी बाई पोलिशमध्ये हाका मारते, आणि तिला तिच्या खापरपणज्याची हाक कशी होती हे ठाऊक नाही.

दफनस्थानास ते 'मिझार' म्हणतात. मशिदीपासून थोड्या अंतरावर झाडी असलेल्या टेकाडावर ते आहे. सर्वांत जुने दगड सतराव्या शतकाच्या अखेरचे. डोक्याशी मोठा दगड, पायाशी लहान. त्यांवरचे लेख क्रमाने वाचले तर मुलखाचा राजकीय इतिहास निराळा वाचावयास नको. वर अरबीत प्रार्थना, ती कायम. खाली मृताचे नाव आणि हुद्दा, त्याची भाषा मात्र राज्यकर्त्याप्रमाणे बदलते. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून पुसले गेले आणि एकोणिसाव्या शतकात हा मुलूख झारच्या अमलाखाली होता; तातार झारच्या फौजेत आणि कचेऱ्यांत नोकरीस लागले, आणि दगडांवर रशियन अक्षरे आली. १९१८ नंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाले, अक्षरे पोलिश झाली. एका लष्करी रिसाल्यात तातारांचे स्वतंत्र पथकही १९३६ पासून होते. १९३९ च्या युद्धात ते लढले आणि पोलिश सैन्यातले ते अखेरचे तातार पथक ठरले. १७ सप्टेंबर १९३९ रोजी रशियन फौजा आल्या. वळिवड्यास पोचलेल्या बायका ज्या उठावणीत सापडल्या ती याच राजवटीतली. १९४५ मध्ये नवी सरहद्द आखली गेली तेव्हा युद्धापूर्वीच्या सतरा मशिदींपैकी दोनच तातार मशिदी पोलंडात उरल्या, क्रुशिन्यानीची आणि बोहोनिकीची. बाकी सर्व रेषेपलीकडे.

त्यानंतर गावातले तातारही कामधंद्यासाठी बियालिस्टोक, ग्दान्स्क अशा शहरांकडे गेले. आता क्रुशिन्यानीत तातार घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत; बाकीचे गावकरी ऑर्थोडॉक्स किंवा कॅथलिक. ऑर्थोडॉक्सांचे चर्चही गावात आहे. ईदला शहरांतून लेकीसुना येतात तेव्हा मशीद भरते. २०१२ साली दोन्ही गावांच्या मशिदी आणि मिझार यांस राष्ट्रीय इतिहासस्मारकाचा दर्जा मिळाला. २०१४ च्या जूनमध्ये रात्री कोणी येऊन क्रुशिन्यानीची मशीद आणि कबरी रंग फासून विटाळल्या. दोन वर्षांच्या अंतराने या दोन गोष्टी घडल्या, तशाच त्या येथे नोंदवून ठेवतो.

२०२१ साली या मुलखाचे नाव वर्तमानपत्रांतून जगभर गेले. सीरिया, इराक, येमेन या देशांतली माणसे बेलारूसमार्गे पोलंडात शिरण्याचा प्रयत्न करू लागली. इकडून त्यांना मागे लोटत आणि तिकडून पुढे. ती अरण्यात अडकली, आणि थंडी सुरू झाली. सप्टेंबरपासून सरहद्दीलगतच्या पट्ट्यात बाहेरच्यांस बंदी झाली. क्रुशिन्यानी त्या पट्ट्यात होते. पुढल्या वर्षी १८६ किलोमीटर लांबीची, साडेपाच मीटर उंचीची पोलादी भिंत उभी राहिली. बोहोनिकी क्रुशिन्यानीच्या उत्तरेस पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. तेथल्या तातार बायकांनी सरहद्दीवरच्या शिपायांसाठी सूप शिजवून पाठवले. आणि अरण्यात मेलेल्यांना पुरण्यासाठी तेथल्या लोकांनी आपल्या मिझारमध्ये जागा काढून दिली.

पहिले दफन १५ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. मुलगा सीरियाचा, वय एकोणीस. सरहद्दीवरच्या बूग नदीत तो बुडाला होता. त्याच्या घरच्यांना येणे शक्य नव्हते, म्हणून कोणीतरी कबरीपाशी मोबाईल धरून उभे राहिले आणि त्यांनी तिकडून पाहिले. जमलेल्या तातारांची भाषा पोलिश, मुलाची अरबी; प्रार्थना दोघांचीही एकच होती. इमामाने ती म्हटली, मंडळींनी माती लोटली. त्याच्या शेजारी पुढच्या आठवड्यांत आणखी कबरी खणाव्या लागल्या.